एक्केचाळिसावी तसबीर

पलंगाखालून काढलेल्या तसबिरी शेन पेइलानने तिसऱ्यांदा मोजल्या, तरी त्या चाळीसच भरल्या. असायला हव्या होत्या एक्केचाळीस. ती तशीच फरशीवर बसून राहिली. चारी बाजूंना तिचेच चेहरे होते, काळ्या चौकटींत बसवलेले, ओठ मिटलेले, कुणाकडेच न पाहणारे. चाळीस मेलेल्या बायका, आणि त्या सगळ्या ती स्वतः.

१९८६ सालच्या मार्चमधला तो दुसरा सोमवार. गुरुवारी सकाळी दहा वाजता स्टुडिओत नव्या मालिकेची पूजा होती. भाजलेलं अख्खं डुक्कर, फळं, उदबत्त्या आणि लाल कापडाने झाकलेला कॅमेरा. त्या पूजेत पहिल्या रांगेत पेइलान उभी राहणार होती. छप्पन्न वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा पहिल्या रांगेत. आणि त्याआधी एक्केचाळिसावी तसबीर सापडली नाही, तर आपण उभं राहायचं नाही, असं तिने स्वतःच ठरवलं होतं.

हे असं का, ते समजायला थोडं मागे जावं लागेल.

पेइलान मूळची शांघायची. वडील कापडाच्या पेढीवर कारकून, आई घरी. १९५० साली, विसाव्या वर्षी, मावशीबरोबर ती हाँगकाँगला आली ती तीन महिन्यांसाठी. एक पत्र्याची पेटी, दोन जाड कोट आणि आईने बांधून दिलेली खारवलेली बदकाची अंडी. आईचा फोटो तिने घेतला नाही. तीन महिन्यांसाठी जाणारं माणूस आईचा फोटो कशाला घेईल? पुढे सरहद्द बंद झाली, मावशी वारली, आणि नॉर्थ पॉइंटच्या एका खोलीत ती एकटी उरली. १९६१ साली आई गेल्याचं पत्र आलं, ती जाऊन चार महिने झाल्यावर. सहासष्ट साली शांघायला सांस्कृतिक क्रांतीचं वारं सुटलं, तेव्हा धाकट्या भावाने घरातले सगळे जुने फोटो चुलीत घातले. अंगावर रेशीम असलेलं माणूस फोटोत दिसणंही तेव्हा महाग पडत होतं. मग फोटो मागवायला जागाच राहिली नाही.

तिच्या गल्लीत सगळे शांघायचेच होते, त्यामुळे पहिली काही वर्षं हाँगकाँगची कॅन्टनीज बोली शिकायची गरजच पडली नाही. सिनेमेही तेव्हा शांघायहून आलेली मंडळीच काढत. नाचघरातल्या गर्दीत, लग्नाच्या पंगतीत, आगगाडीच्या खिडकीत ती दिसे. मग ते सिनेमे मंदावले आणि ती विगांच्या कारखान्यात गेली. तिथे सहा वर्षं परदेशी बायकांसाठी केस ओवले. १९६८ साली टीव्हीवर माणसं हवीत असं कळलं, तशी ती रांगेत जाऊन उभी राहिली.

तिचा चेहरा पाहून सगळे खूश झाले. लांबट, शांत, घरंदाज. पहिल्याच महिन्यात तिला चार वाक्यांची भूमिका मिळाली, एका श्रीमंत घरच्या मालकिणीची. तिने पहिलं वाक्य म्हटलं आणि दिवे सांभाळणारी माणसंसुद्धा हसायला लागली. अठरा वर्षं या बेटावर काढूनही तिच्या तोंडून कॅन्टनीज शांघायच्या वळणानेच येत असे, प्रत्येक शब्दाच्या शेवटी साखर घातल्यासारखी.

"बाई," दिग्दर्शक म्हणाला, "चेहरा अस्सल आहे तुमचा. फक्त तोंड उघडू नका."

पुढच्या आठवड्यात एका मालिकेत मेलेल्या आईची तसबीर हवी होती. फोटोला बोली नसते. पेइलानला बोलावलं.

तेव्हापासून अठरा वर्षं ती टीव्हीवर मेलेलीच राहिली. कधी नायकाची आई, कधी खलनायकाची पहिली बायको, कधी व्यापाऱ्याची आजी. मालिका सुरू व्हायच्या आधीच ती वारलेली असे. देव्हाऱ्यावर तिची तसबीर, खाली रडणारी मुलं. मधूनमधून भाजीवाली, मोलकरीण, रस्त्यावरची बाई अशीही कामं मिळत. पण तिचं नाव झालं ते तसबिरीसाठी. उपाहारगृहात ती शिरली की कुणीतरी म्हणेच, "लानताई, आज जिवंत कशा?"

"सुट्टी आहे," ती म्हणे, आणि आपल्या शेवयांत मिरचीचं तेल घाली.

स्टुडिओत या कामाची रीत पक्की होती. जिवंत माणसाचा चेहरा काळ्या चौकटीत लावणं चांगलं नाही. म्हणून तसबिरीच्या पाठीमागे लाल कागदाची पट्टी चिकटवायची आणि ज्याचा चेहरा त्याच्या हातावर शकुनाचे पैसे घातलेलं एक लाल पाकीट ठेवायचं. कॅमेऱ्यापुढे तिच्यासमोर वाकणारे नट मनात दुसऱ्याच कुणाचं नाव घेत. चित्रीकरण संपलं की तसबीर ज्याची त्याला परत. गोदामात ती एक रात्रही राहू द्यायची नाही. आणि स्वतःच्या तसबिरीपुढे स्वतः उदबत्ती लावायची नाही, हे तर सांगावंही लागत नसे.

ही रीत सांभाळणारा माणूस म्हणजे सामानाच्या गोदामाचा यिऊ. सगळे त्याला यिऊकाका म्हणत. वीस वर्षांत त्याने कुणाची तसबीर हरवली नव्हती, निदान असा सगळ्यांचा समज होता.

फेब्रुवारीत मिस ताम नावाच्या निर्मातीने पेइलानला बोलावून घेतलं. वय चौतीस, केस कापलेले, बोलणं तडक.

"शांघायहून आलेल्या कुटुंबाची गोष्ट आहे. ऐंशी भाग. रोज संध्याकाळी सातला. मला आजी हवी, आणि ती बोली शिकवून येत नाही. माझी आजी तुमच्यासारखीच बोलायची, लानताई."

पेइलानला वाटलं, थट्टा चालली आहे. "माझ्या बोलण्याला लोक हसतात."

"हसू देत. आजी विनोदीच आहे. आणि कजाग."

त्या दिवशी पेइलान बस सोडून डोंगरउतारावरून चालत घरी आली आणि वाटेत आपल्याशीच मोठ्याने बोलत राहिली. मग तिने यिऊकाकाला विचारलं, कारण अशा गोष्टी त्यालाच ठाऊक असत. तो म्हणाला, इतक्या वेळा मेलेल्या बाईने जिवंत व्हायचं तर आधीची सगळी मरणं फेडायला हवीत. सगळ्या तसबिरी देवळाच्या भट्टीत जाळायच्या. एकही मागे राहता कामा नये.

म्हणून सोमवारी तिने त्या मोजायला काढल्या.

गहाळ होती ती कोणती हे शोधायला वेळ लागला नाही. प्रत्येकीच्या मागे लाल पट्टीवर वर्ष लिहिलेलं होतं. एकोणऐंशी सालची नव्हती. तिने मिस तामला फोन करून सांगितलं की ती मिळाल्याशिवाय आपण येणार नाही. मिस तामने ऐकून घेतलं.

"ताई, मी तुमच्या श्रद्धेच्या आड येत नाही. पण गुरुवारी दहाला तुम्ही नसाल तर मला दुसरी बाई उभी करावी लागेल. आहे एक. बेइजिंगची आहे, पण इथे कुणाला फरक कळतोय?"

मंगळवारी सकाळी पेइलान गोदामात गेली तेव्हा यिऊकाका एका फुटक्या फुलदाणीला डिंक लावत बसला होता.

"एकोणऐंशीची तसबीर, काका. शाईच्या व्यापाऱ्याच्या मालिकेतली. माझ्याकडे नाही ती."

"परत केलेली."

"नाही केलीत."

"वहीत लिहिलंय मी, परत म्हणून."

"वहीत काय लिहिलंय ते नाही विचारत मी. तसबीर कुठाय?"

यिऊकाकाने डिंकाची काडी खाली ठेवली. बोटं एकमेकांना चिकटली होती, ती त्याने सावकाश सोडवली.

"दिली मी," तो म्हणाला.

"कुणाला?"

"लाईहिंग यायची ना इथे झाडपूस करायला. हडकुळी. बोलायची नाही फार. तिने मागितली. ऐंशी साली, ती मालिका संपली तेव्हा."

"माझी तसबीर? कशाला?"

"आई म्हणून."

पेइलानला आधी त्याचा अर्थच लागला नाही. ती त्याच्या चिकट बोटांकडे पाहत राहिली.

"आई म्हणून म्हणजे?"

"म्हणजे आई म्हणून. देव्हाऱ्यात ठेवायला." तो वर न पाहता म्हणाला. "लग्न होतं तिचं. माझ्या मनात आलं, लानताईंच्या घरी वीस-पंचवीस आहेत, एक गेली तर... चुकलंच माझं. सहा वर्षं तुम्ही पायरीवरून घसरलात की मला वाटतं, माझ्यामुळेच."

"सहा वर्षं," पेइलान म्हणाली.  सहा वर्षं कुणीतरी रोज तिला मेलेली समजून उदबत्ती लावत होतं, आणि ती मात्र उपाहारगृहात शेवया खात होती. तिने आपल्या मनगटाला हात लावून पाहिला. ऊन होतं.

पत्ता यिऊकाकाकडे होता. वोंग ताई सिनची सरकारी इमारत, सातवा मजला. दुपारी तीनला ती तिथे पोचली. लांब ओसरीवर सगळ्यांची दारं सताड उघडी, फक्त लोखंडी जाळ्या ओढलेल्या. कुठे पत्ते खेळणं, कुठे खारी मासळी तळणं. तिने नंबर शोधला. जाळीच्या आत पाच-सहा वर्षांची मुलगी स्टुलावर बसून गृहपाठ करत होती. तिने वर पाहिलं आणि पेन्सिल हातातच राहिली.

मुलगी घाबरली नाही. नुसती वळली आणि आत हाक मारून म्हणाली, "आई, पोपो आली."

पोपो म्हणजे आईची आई.

आतून काहीतरी भांडं पडल्याचा आवाज आला. मुलीच्या डोक्यावरून पेइलानला भिंत दिसली. लाल दिवा, तीन संत्री, चहाचा छोटा पेला, भाताची वाटी आणि तिच्यावर आडव्या ठेवलेल्या काड्या. त्यांच्यावर ती स्वतः. खाली लाल कागदाच्या पट्टीवर सुबक अक्षरात दुसऱ्याच बाईचं नाव लिहिलं होतं, 'लाम आसाम, आमची आई'. एक्केचाळीस वेळा तिने आपला चेहरा देव्हाऱ्यावर पाहिला होता, पण तिथे दिवे लावणारी माणसं असत, कुणीतरी शिट्टी फुंकत असे, आणि नावाची पट्टी नुसत्या पुठ्ठ्याची असे. इथला भात खरा होता. त्याला वाफ येत होती.

लाईहिंग बाहेर आली. तिशीची, हात ओले. तिने जाळीपलीकडे पाहिलं आणि भिंतीला हात टेकला.

"पोपो वर कशी आणि खाली कशी?" मुलीने विचारलं.

लाईहिंगने मुलीचा खांदा धरला. मग पेइलानने आपलाच आवाज ऐकला, शांघायच्या वळणाचा, साखर घातलेला.

"मी पोपोची बहीण आहे, बाळ. यीपो म्हण मला."

अठरा वर्षांत तिने टीव्हीसाठी जितकी वाक्यं म्हटली, त्यांतलं एकही इतक्या सहज आलं नव्हतं.

लाईहिंगने जाळी उघडली. मुलीला शेजारच्या घरी पाठवलं. मग दोघी एकमेकींसमोर स्टुलांवर बसल्या आणि बराच वेळ चहा कुणी ओतायचा तेच ठरेना.

"न्यायला आलात," लाईहिंग म्हणाली.

"माझी आहे ती."

"माहीत आहे मला. रोज पुसायचे मी."

"मग मला का नाही विचारलंस? मी रोज तिथेच असायचे."

"काय विचारणार? बाई, माझी आई व्हाल का?" ती हे चिडून म्हणाली नाही, खरंच विचारल्यासारखी म्हणाली. "त्र्याहत्तर साली चीनमधून चोरून खाडी पोहून आलो, आई आणि मी. मी सतरा वर्षांची. तरंगायला दोघींना मिळून फुटबॉलचे दोन फुगे. आई म्हणाली, तू पुढे हो. किनाऱ्याला लागले आणि मागे वळले, तर कुणी नाही. बोलावलं असतं तर पहाऱ्यावरच्या लोकांना ऐकू गेलं असतं. म्हणून हाकही नाही मारली." तिने ओले हात मांड्यांना पुसले. "आमच्या गावात फोटो कोण काढणार? एकही नाही तिचा. लग्न ठरलं तर सासू म्हणाली, लग्नातला मानाचा चहा कुणापुढे धरणार? आईचा फोटो नाही म्हणजे आई होती की नव्हती, कुणाला ठाऊक. तुझं घराणं आम्ही समजायचं काय?"

"मग माझ्यापुढे धरलास."

"तुमच्यापुढे. नवऱ्यालाही ठाऊक नाही. सासू तर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते, आमच्या विहीणबाई किती घरंदाज होत्या बघा."

पेइलानने स्टूल जरा पुढे ओढलं. "दिसायची का ती माझ्यासारखी?"

"नाही, अजिबात नाही. शेतातली बाई, काळी, तोंड रुंद. वरचा एक दात..." लाईहिंग थांबली. "असं मी म्हणते. कारण पूर्वी तसं सांगायचे, ते सांगणं लक्षात आहे. पण खरं सांगू? आता आठवत नाही. डोळे मिटते तर तुम्ही येता. स्वप्नात पाण्यातून वर येतं ते डोकं पण तुमचंच."

पेइलान स्टुलावरून उठली आणि पुन्हा बसली. तिला वाटलं होतं, आपली वस्तू कुणी नेली. आता कळत होतं की तिच्याच चेहऱ्याने एका मेलेल्या बाईला लेकीच्या डोळ्यांमधून ढकलून बाहेर काढलं होतं, आणि तिथे स्वतःचं बिऱ्हाड थाटलं होतं. तिला कल्पनाही न देता.

तिने मान वर करून तसबिरीकडे पाहिलं, तेव्हा दुसरा धक्का बसला. एकोणऐंशी साली रंगभूषा करणारी बाई रजेवर होती. पेइलानने आपले केस आपणच बांधले होते: मधोमध भांग, घट्ट अंबाडा, मागे कासवाच्या पाठीची फणी. निळा, बाजूने बंद होणारा सदरा. तिने तेव्हा विचारही केला नव्हता. हात आपोआप चालले होते. शांघायच्या घरात रोज सकाळी खिडकीशी बसून तिची आई नेमके असेच केस बांधायची. सगळे फोटो चुलीत गेले असं ती वीस वर्षं धरून चालली होती, आणि एक इथे, सातव्या मजल्यावर, भाताच्या वाफेमागे उभा होता.

"मी लवकरच टीव्हीवर येणार आहे," ती म्हणाली. बोलायला काहीतरी हवं होतं. "बोलणारी. रोज सातला. ऐंशी भाग."

लाईहिंगचा चेहरा उतरला. "सातला? सातला या मजल्यावर सगळीकडे तोच चॅनल असतो. सगळे येऊन सांगतील मला, तुझी आई टीव्हीवर भांडतेय म्हणून. सासू तर..." तिने वाक्य सोडून दिलं. मग उठली, संत्री बाजूला केली आणि तसबीर खिळ्यावरून काढायला हात वर केला. "न्या. पोरगी यायच्या आत न्या. तिच्यासमोर नको."

"राहू दे," पेइलान म्हणाली.

लाईहिंगचे हात तसेच हवेत राहिले.

"उदबत्त्या कुठे ठेवतेस?"

पेइलानने तीन काड्या पेटवल्या. कुठल्याही नटाने करू नये ते ती करत होती. तिने काड्या कपाळापर्यंत नेल्या आणि तीनदा वाकली. पहिल्यांदा लाम आसामचं नाव घेतलं, पट्टीवर वाचून. दुसऱ्यांदा आईचं. तिसऱ्यांदा कुणाचंच घेतलं नाही.

बुधवारी तिने देवळाच्या भट्टीत चाळीस तसबिरी जाळल्या. काचा आधी काढून घ्याव्या लागल्या, त्यात अर्धी सकाळ गेली. तिथून ती सरळ केस कापणाऱ्याकडे गेली. अंबाडा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्याच जिवावर तिने इतकी मरणं मिळवली होती. कापणाऱ्याने तीनदा विचारलं, आणि तिने तीनदा हो म्हटलं. मग कानापर्यंतच्या केसांना कुरळं करून घेतलं आणि समोरच्या दुकानातून जाड काळ्या काड्यांचा चष्मा घेतला, साध्या काचांचा.

गुरुवारी पावणेदहाला ती स्टुडिओत शिरली, तेव्हा दारावरच्या माणसाने तिला नाव विचारलं.

मिस ताम डुकरापाशी उभी होती. तिच्या हातातली उदबत्ती वाकडी झाली. "लानताई? तो अंबाडा पाहूनच आजी डोळ्यांसमोर आली होती माझ्या."

"बोली ऐकून घेतलंत मला. ती आहे."

मिस तामने तिच्याभोवती एक फेरी मारली. "कजाग दिसताय खऱ्या," ती शेवटी म्हणाली. "पण आता तसबिरीसाठी कोण बोलावणार तुम्हाला?"

"कुणी नको."

यिऊकाका मागच्या रांगेत होता. पूजा सुरू व्हायच्या आधी तो हळूच जवळ आला. "मिळाली? एक्केचाळीस जाळल्यात?"

"चाळीस."

"मग तुम्ही इथे कशा?"

"तेवढ्याच माझ्या होत्या, काका. ती दुसऱ्या बाईची आहे. खाली नाव लिहिलंय तिचं."

यिऊकाकाने मान हलवली. मग त्याने खिशातून एक लाल पाकीट काढलं, तिच्या हातावर ठेवलं आणि आपल्या जागी गेला. कशाबद्दलचं ते तिने विचारलं नाही.

मालिका मेमध्ये सुरू झाली. पहिला भाग संपला आणि पाचच मिनिटांत पेइलानच्या घरचा फोन वाजला. नंबर तिनेच देऊन ठेवला होता.

"पाहिलं," लाईहिंग म्हणाली. मागे शेजाऱ्यांच्या टीव्हीचा आवाज येत होता.

"मग?"

"सासू म्हणाली, ही शांघायची म्हातारी माझ्यापेक्षा वाईट आहे."

"आणि छोटी?"

"ती विचारत होती, ही सुनेला एवढं का बोलते. मग कंटाळली." लाईहिंगने आवाज खाली आणला. "आत्ता आत आहे. पोपोचं संत्रं बदलतेय."

पेइलानने फोन ठेवला. मानेवर वारा लागत होता. तिकडे हात गेला, तर तिथे काहीच नव्हतं. अजून सवय झाली नव्हती.